अर्ध्या शब्दासाठी राईला

पूनम सागर ते राई. आता तुम्ही हसाल. लोक लडाखला जातात, व्हिएतनामला जातात आणि परत येऊन लिहितात. मी मीरा रोडच्या पूर्वेकडून भाईंदरच्या पश्चिमेला गेले, तेही रिक्षातून, आणि लिहायला बसलेय. पण पूनम सागरमधल्या माझ्या ओळखीच्या एकाही माणसाने राई पाहिलेली नाही. आमच्या शेजारच्या गुजराती भाभींना मी सांगितलं की चार दिवस राईला चाललोय, तर म्हणाल्या, "वो मसाले वाली राई? ऐसा गाँव भी है?" आहे. माझा नवरा तिथला आहे.

सदानंदला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, गेल्या उन्हाळ्यात अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय गेला आणि बोलणं गेलं. समजतं सगळं. वर्तमानपत्र डोळ्यांसमोर धरून बसतो, मॅच बघतो, मी मीठ विसरले तर ताट सरकवतो. तोंडातून मात्र शब्द नाही. कधी "न", कधी "म", कधी नुसता श्वास. नोकरीत असताना हा माणूस युनियनच्या सभेत माईकशिवाय बोलायचा.

आमच्याकडे एक स्पीच थेरपिस्ट मॅडम येतात. मुलगी गुणी आहे, उगाच नावं ठेवणार नाही. तिने चित्रांचे पत्ते दिलेत. नळाचं चित्र, नारळाचं चित्र, मांजराचं चित्र. तिचा एक नियम होता: पेशंटच्या तोंडून पहिलं अक्षर आलं की घरच्यांनी शब्द पूर्ण करायचा आणि टाळी वाजवायची. "न" आलं की मी "नळ! शाब्बास!" आणि टाळी. ती जाताना रोज म्हणायची, "आँटी, अंकल का विलपॉवर बहुत अच्छा है." विलपॉवर हा शब्द मी या काही महिन्यांत इतका ऐकला की मला त्याची शिसारी आली. डॉक्टर विलपॉवर, वॉचमन विलपॉवर. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी रोज सकाळी फुलांच्या चित्रावर 'प्रयत्नांती परमेश्वर' टाकतो. बोलणाऱ्याचं काय जातं म्हणा.

एक दिवस मॅडमनी विचारलं, "अंकल बचपन में घर में कौनसी भाषा बोलते थे? पहली भाषा कभी कभी पहले वापस आती है." मी म्हटलं, मराठीच. आणि रात्री भात टाकताना माझा हात थांबला. मराठी, पण माझी मराठी नव्हे. मी गिरगावची. सदा राईतल्या आगरी घरातला, खाडीकाठचा, बापाचं मिठागर. आमचं प्रेमलग्न. ऑफिसात त्याच्या बोलण्याला पोरं हसायची म्हणून त्याने आपणहून ती भाषा गुंडाळून ठेवली होती. फक्त बहिणीचा फोन आला की दुसऱ्याच माणसाचा आवाज घरात यायचा. हाय, न्हाय, मना, तुजं. फोन ठेवला की पुन्हा आपले "आहे" आणि "नाही". मला वाटलं, तीच भाषा आत कुठेतरी शाबूत असेल. म्हणून राई.

केबिन रोड

सदाच्या बहिणीकडे, मंजुळाकडे, रिकाम्या हाताने जायचं नाही, हे आमचं दोघांचं ठरलेलं. त्यामुळे रिक्षा केबिन रोडला थांबवली. त्या गर्दीत रिक्षा थांबवणं म्हणजे स्वतःहून शिव्या खाणं, पण रिक्षावाला भला निघाला. मी फरसाण घेतलं, मंजुळासाठी गाऊन घेतला आणि मेडिकलमधून मोठ्या माणसांचे डायपर घेतले. गाऊनवाल्याने पिशवी फुकट दिली. मेडिकलवाल्याने डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून दिले. मी म्हटलं, "गुंडाळता कशाला, चोरीचा माल आहे का?" तो ओशाळला. त्या बिचाऱ्यावर मी का खेकसले कोण जाणे.

परत येते तर रिक्षावाला मागे वळून सदाला त्याच्या चाचांची गोष्ट सांगतोय. चाचांना असाच झटका आला होता, जौनपूरला. सगळ्यांनी आशा सोडली होती. एक दिवस चाचा उठले आणि विहिरीपर्यंत चालत गेले. "बस, मन में ठान लिया था."

प्रत्येकाकडे असा एक उठलेला माणूस असतो. भाभींचे मामा आहेत, डॉक्टरांचा एक पेशंट आहे, माझ्या मुलीच्या सासरी एक काका आहेत. जे उठले नाहीत त्यांची गोष्ट कुणी सांगत नाही. मी रिक्षात बसले आणि म्हटलं, "भय्या, चलो." सदा बाहेर बघत होता. उड्डाणपूल ओलांडून पश्चिमेला आलो, दुकानं विरळ झाली, आणि खाडीचा तो खारट, कुजका वास आला. सदाने नाक वर केलं. मी मनात म्हटलं, आलं बाई काहीतरी.

राई

राईत शिरलं की पहिली अडचण गल्ल्यांची. आळी इतकी अरुंद की व्हीलचेअरचं पुढचं चाक गटाराच्या झाकणात अडकलं आणि सदा तसाच तिरका. शेजारच्या घरातून दोन बायका जेवत्या हातांनी धावत आल्या आणि खुर्चीसकट त्याला उचलून मंजुळाच्या ओटीवर ठेवला. पूनम सागरमध्ये लिफ्ट बंद पडली तेव्हा आधी सेक्रेटरीला फोन केला, मग सेक्रेटरीने कुणाला तरी केला, आणि आम्ही तोवर खाली बसून होतो. इथे कुणी कुणाला विचारलं नाही.

मंजुळा सदाची धाकटी बहीण, राईतच दिलेली. नवरा गेला, मुलगा विरारला. एकटीच असते. तिने भावाचं तोंड दोन्ही हातांत धरलं.

"दादा, वलखतस ना मना?"

सदाच्या डोळ्यांतून पाणी आलं. शब्द नाही.

"जाऊ दे," मंजुळा म्हणाली. "भाकरी खातंय ना? मग झाला."

जेवायला तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाचं कालवण आणि वालाचं बिरडं. सदा डाव्या हाताने जेवला, आणि इतका जेवला की मला भीती वाटली. मी नेहमीच्या सवयीने म्हटलं, "सदा, बस आता," तर ओटीवर बसलेल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. इथे नवऱ्याला नावाने हाक मारत नाहीत; नव्या सुनाही चारचौघांत "अवो" म्हणतात. लग्नानंतर सासूबाईंसमोर मी चार दिवस "अहो" करून पाहिलं होतं, पाचव्या दिवशी सदाच म्हणाला की तू दुसऱ्याच कुणाला तरी बोलावतेस असं वाटतं. मंजुळा बायकांना म्हणाली, "गिरगावची हाय ती. तिला चालतं."

संध्याकाळी मोरेश्वर आला. सदाचा लहानपणचा दोस्त, खाडीत पाग टाकतो, म्हणजे फेकायचं जाळं, आवाज भोंग्यासारखा. मी त्याला आमचा हेतू आधीच सांगितला होता. त्याने स्वतःचीच युक्ती काढली होती. सदासमोर उकिडवा बसला, पँट वर केली आणि गुडघ्यावरचा व्रण दाखवला.

"सद्या, ह्यो बघ. आंब्याच्या झारावरून तू मना ढकललास. समद्या गावाला म्हाईत हाय. न्हाय बोल. बोल ना न्हाय, जल्ला!"

ओटीवर हशा पिकला. सदा अर्ध्या तोंडाने हसला. मोरेश्वरने आणखी दोन-तीन खोटे आरोप केले, कोंबडी चोरल्याचाही केला. सदाच्या ओठांची हालचाल झाली, मान लाल झाली, "न" आलं. मी ताबडतोब म्हटलं, "नारळ! आंब्याचं नव्हतं, नारळाचं झाड होतं, होय ना?" आणि टाळी वाजवली. सदाने डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी आम्ही खाडीवर गेलो. प्लास्टिकच्या खुर्चीत सदा आणि खुर्ची उचलायला मोरेश्वर आणि त्याचा भाऊ. ही वाट मी लग्न झाल्यावर पाहिली होती. डावीकडे खाडी, मध्ये मातीचा बांध, उजवीकडे मिठाचे चौकोन. इथले लोक मीठ पिकवतात म्हणतात, भातासारखं. माझ्या सासऱ्यांनी जन्मभर तेच केलं. भरतीने बांधाला खांड पडायची, म्हणजे भगदाड, आणि खाडी आत घुसून सगळं पीक घेऊन जायची. मग सासरे आणि सदा चिखल आणि पेंढा कालवून खांड बुजवायचे. पुढच्या उधाणाला पुन्हा खांड, पुन्हा चिखल. सदा मला हे अभिमानाने सांगायचा. जिद्द कशाला म्हणतात ते माझ्या बापाकडून शिकावं, म्हणायचा. आमच्या मुलीला दहावीला कमी मार्क पडले तेव्हाही तिला हीच गोष्ट ऐकवली होती.

आता उजवीकडे मिठाचे चौकोन नाहीत. भराव टाकलाय, पत्र्याचं कुंपण आहे, पलीकडे इमारतीचे खांब उभे राहतायत. बांध मात्र जिथल्या तिथे. मी त्याच्यावर चढायला गेले तर पाय गुडघ्यापर्यंत चिखलात आणि चप्पल आतच राहिली. मोरेश्वरने हात घालून चप्पल काढली, आणि मग तेवढ्याच चिखलाचा गोळा उचलून बांधाच्या एका फटीत थापला. हाताने नीट सारवल्यासारखा.

"हे अजून करता?" मी विचारलं.

"रोज न्हाय. इकरं आलू का करतं."

"पण कशाला? आत काय आहे आता?"

त्याने भरावाकडे बघितलं. "काय न्हाय," म्हणाला आणि हात धुवायला खाडीत उतरला.

मला तिथे रडू फुटलं. प्रवासवर्णनात असं लिहायचं नसतं बहुतेक. सूर्यास्ताबद्दल लिहायचं असतं. सूर्यास्तही होता. पण मला एवढंच दिसत होतं की पिढ्यान्पिढ्या माणसं मरमर मेली, चिखल थापत राहिली, आणि बांध जिंकला तर त्याच्यामागे राखायला काही उरलं नाही. मग ही जिद्द म्हणायची की नुसती हाताची सवय? आणि मी रोज सकाळी नळ-नारळाचे पत्ते मांडून बसते, ते काय आहे? इतके दिवस मला वाटायचं, आपण दमलो तर सदा संपला. त्या बांधावर पहिल्यांदा वाटलं की आपण कधीच दमलोय, फक्त थांबायचं कसं ते कळत नाहीये. सदा खुर्चीत बसून खाडीकडे बघत होता. त्याला काय वाटत होतं ते मला माहीत नाही. बायको म्हणून हे लिहिताना लाज वाटते, पण नाही माहीत.

मागचं दार

तिसऱ्या दिवसाची सकाळ. मंजुळाकडे मोरी मागच्या दारी, उघड्यावर. तीन बाजूंना कंबरेएवढ्या भिंती, चौथ्या बाजूने गल्ली. बायका पाणी घेऊन जा-ये करत असतात. पुरुष तिथेच पंचा लावून आंघोळ करतात, कुणाला काही वाटत नाही. चुलीवर पाणी तापलं होतं. मी सदाला स्टुलावर बसवलं, बनियन काढलं, डायपर काढला, कंबरेला पंचा गुंडाळला आणि पहिला तांब्या खांद्यावर घातला.

"न्हाय," सदा म्हणाला.

पूर्ण शब्द. स्पष्ट. त्याचा, जुन्या आवाजातला.

माझ्या हातातला तांब्या खाली पडला. आमच्या गिरगावात डोक्यावरून आंघोळ म्हणजे न्हाणं. आई विचारायची, आज न्हायचंय का? मला क्षणभरही दुसरं काही सुचलं नाही. अर्धा शब्द आला होता आणि तो पूर्ण करणं माझं काम होतं. "न्हायचंय! सदा, न्हायचंय तुला! हो रे राजा, न्हायला घालते." मी टाळ्या वाजवल्या, त्याच्या डोक्यावर पाणी ओतलं, शिकेकाई लावली. "न्हाय," तो पुन्हा म्हणाला. "न्हाय. न्हाय." मी हसतेय आणि रडतेय. "मंजू, ये गं, बोलतोय बघ! मोरेश्वरभाऊंना बोलवा!" गल्लीतून जाणाऱ्या बायका थांबल्या. पलीकडच्या घरातून कुणीतरी आलं, मोरेश्वर आला, भिंतीपलीकडे सगळे गोळा झाले. मी त्यांच्यासमोर त्याच्या डोक्यावर तांब्यावर तांबे ओतत होते आणि म्हणत होते, ऐका, ऐका. सदाचा ओला पंचा सुटत आला होता. डाव्या हाताने तो पंचा धरून ठेवायला बघत होता आणि शिकेकाईच्या फेसातून ओरडत होता, "न्हाय, न्हाय."

मंजुळा पिठाच्या हातांनी बाहेर आली. तिने एकदा भावाकडे बघितलं आणि माझा दंड धरला.

"वयनी, थांब गो. त्यो नको बोलतंय."

"न्हायचंय म्हणतोय."

"न्हाय बोलतंय. नको. लोकं बघतात, त्याला लाज वाटतंय." ती भिंतीकडे वळली. "जा समदे. काय तमाशा हाय का?"

तिने दोरीवरची चादर ओढून त्याच्याभोवती गुंडाळली. माणसं गेली. मोरेश्वर जाताना माझ्याकडे न बघता गेला. सदा चादरीत थरथरत होता, आणि केसांतून फेस त्याच्या डोळ्यांत उतरत होता. तो मी पुसला. ज्या शब्दासाठी त्याला इथे आणलं होतं तो मिळाला होता. तीस-बत्तीस वर्षं हा शब्द मी फोनवर ऐकत आलेय. मोरेश्वरने परवाच ओटीवर दहादा म्हटला. तरी माझ्या कानांनी त्याची आंघोळ केली.

दुपारी मंजुळा सुकट निवडत बसली होती. मी तिला म्हटलं, "मंजू, पहिला शब्द म्हणून नको कसं काय आलं गं?"

"दादा लहानपनापासून असाच," ती म्हणाली. "एकदा न्हाय बोलला का न्हाय. बाबा मारायचे, तरी न्हाय. आता बोलायला लागला त तिथूनच लागनार ना?" ती त्या आठवणीने हसली. तिला आनंद झाला होता. तो बोलला, एवढंच तिच्यासाठी पुरेसं होतं.

मी मात्र आत जाऊन पिशवीतून पत्ते काढले आणि बघत बसले. नळ. नारळ. नाक. घरी इतके महिने तो "न" म्हणायचा. व्यायामाला उठवताना म्हणायचा, मॅडम आल्या की म्हणायचा, मी भरवायला घास पुढे केला की म्हणायचा. आम्ही दोघी तो शब्द पूर्ण करत होतो. नळ, नारळ, नाश्ता. टाळ्या वाजवत होतो, व्हिडिओ काढून मुलीला पाठवत होतो. त्यातले किती नळ होते आणि किती न्हाय होते? हे आता कुणालाच सांगता यायचं नाही. विलपॉवर नव्हतं असं कोण म्हणेल? भरपूर होतं. एवढा जोर लावून तो रोज आम्हाला एकच गोष्ट सांगत असेल, तर त्याच्याइतकं विलपॉवर मी कुणात पाहिलं नाही.

चौथ्या दिवशी निघालो. मंजुळाने भाकऱ्या, सुके बोंबील आणि एका बरणीत चिंबोऱ्यांचं कालवण दिलं. ते रिक्षात थोडं सांडलं आणि रिक्षावाला वासाने वैतागला. परतीच्या वाटेबद्दल याहून सांगण्यासारखं काही नाही. सदा झोपला होता.

पूनम सागर

राईला जायचं असेल तर जरूर जा. थंडीत जा, वाल असतात. बांधावर जाताना चप्पल हातात घ्या. एवढं माहितीपर लिहून मी थांबले असते तर बरं झालं असतं.

परत आल्यावर सकाळी चहा केला आणि सदासमोर खुर्ची ओढून बसले. मनाशी ठरवलं होतं की आज त्याचा एकही शब्द पूर्ण करायचा नाही.

"पत्ते काढू?"

"न्हाय."

"मॅडमना उद्यापासून बोलवायचं?"

"न्हाय."

"गॅलरीपर्यंत चालायचं? मी धरते."

"न्हाय." आवाजात राग नव्हता. उलट हलका झाला होता, ऐकून घेतलेल्या माणसाचा असतो तसा.

मला शंका आली की हा शब्द आता आपोआपच येतोय, काहीही विचारलं तरी. म्हणून विचारलं, "अजून चहा देऊ?" तो काही बोलला नाही. डाव्या हाताने कप पुढे सरकवला. म्हणजे त्याला सगळं कळत होतं, आणि तो जिथे म्हणायचं तिथेच म्हणत होता.

मी उरलेला चहा त्याच्या कपात ओतला. तो प्यायला. खाली सोसायटीत भाजीवाला आला होता, भाभी गॅलरीतून त्याच्याशी घासाघीस करत होत्या.

एक प्रश्न अजून होता. हॉस्पिटलमधून आणल्यापासून मी तो त्याला कितीदा तरी विचारलाय. अंग पुसताना, कूस बदलताना, कधी रडत, कधी चिडून. तुला जगायचंय ना रे सदा? तो गप्प असायचा, आणि त्या गप्पपणाचं हो करून घ्यायला मला कधी अडचण पडली नाही.

सदा माझ्याकडे बघत होता. पुढचं काय विचारतेस म्हणून वाट बघत होता. आता त्याला उत्तर देता येत होतं.

मी कप उचलला आणि विसळायला आत गेले.